काचेला घाम येतो तेव्हा

पणजीतल्या कुणालाही 'गाडीचा हीटर बिघडला आहे' असे सांगून पाहा. ऐकणारा आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग हसेल. जिथे जानेवारीतल्या पहाटेही पारा सहसा २० अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्यात दुपारी स्टिअरिंगला हात लावायचा म्हणजे आधी रुमाल गुंडाळावा लागतो, तिथे हीटर म्हणजे लग्नात आलेल्या सातव्या भिंतीवरच्या घड्याळासारखा. आहे म्हणून आहे! मीही याच हसणाऱ्यांपैकी होतो. डिचोलीला राहायचे, पणजीच्या कॉलेजात शिकवायचे आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी चोर्ला घाट चढून बेळगावला सासुरवाडी गाठायची, हा माझा कैक वर्षांचा क्रम. गाडीतल्या त्या लाल-निळ्या गोल बटणाचा काटा या काळात बहुतेक निळ्या बाजूलाच राहिला.

२०२३ च्या जुलैत त्या लाल बाजूची गरज पडली. तोवर ती कामातून गेली होती, आणि ती घालवण्यात माझी संमती होती.

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर आमच्याकडे राहून बेळगावला परतत होत्या. त्या कन्नड बोलणार, मी मराठी, मुलगी दोन्ही आणि वर कोकणी. आमच्या घरात हे नेहमीचेच, आणि या पानाच्या बहुतेक वाचकांच्या घरातही असेल. साखळी सोडली, केरीच्या पुढे अंजुणे धरणाचे पाणी उजाडल्यासारखे दिसले आणि घाट सुरू झाला. पाऊस असा, की वायपर तिसऱ्या वेगावर टाकूनही पुरेना. वर सुमारे ८०० मीटरपर्यंत चढायचे आणि अर्ध्या वाटेतच ढग रस्त्यावर उतरलेले. गाडीत चार माणसे, दोन भिजलेल्या छत्र्या, एक ओला टॉवेल. एसी चालू होता आणि हवा आतल्या आत फिरवणारे बटणही दाबलेले. पणजीच्या उन्हात लागलेली सवय, दुसरे काय!

पुढच्या काचेवर खालून पांढरा पडदा चढू लागला. वायपरने तो क्षणभर पुसला जाई आणि पुन्हा येई. मी गोंधळून एसी बंद केला, तर आता आतल्या बाजूने काच धरली. बटण लाल बाजूला पूर्ण फिरवले, पंखा काचेकडे वळवला. हवा आली, पण ती बाहेरच्या पावसाइतकीच गार. सासूबाई पुढच्या सीटवर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "गाजिगे बेवरु बंदैति नोड्री." काचेला घाम आलाय, बघा. आणि पदराने काच पुसू लागल्या. पुसल्याने ओघळ उठले आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचे त्यात दहा दिवे झाले. एका वळणावर त्याच ओरडल्या, "निल्लस्री!" मी ब्रेक दाबला. वीस-पंचवीस फुटांवर झाडाच्या फांद्या रस्त्यात टाकलेल्या होत्या आणि त्यापलीकडे बंद पडलेला ट्रक, दिवे नसलेला. महिन्यापूर्वी ज्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले त्यांना दिसले आणि चाळिशीतल्या ड्रायव्हरला दिसले नाही! पुढे कणकुंबीपर्यंत, म्हणजे मलप्रभा जिथे उगम पावते तिथपर्यंत, आम्ही काचा दोन-दोन बोटे उघड्या ठेवून भिजत आलो. तिथे चहा घेताना हात थरथरत होते, ते थंडीने नव्हे.

मी अर्थशास्त्राचा माणूस. यंत्रातले मला कळत नाही. पण त्या दिवसानंतर हे हीटर प्रकरण नीट समजून घ्यायचे ठरवले, आणि जे कळले ते आपल्या भागातल्या, म्हणजे घाटाच्या वर-खाली ये-जा करणाऱ्या घरांच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून हा लेख.

पहिली गोष्ट ही की पेट्रोल-डिझेलच्या मोटारीत 'हीटर' नावाची वेगळी शेगडी नसतेच. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीच उष्णता वाया जाते. ती वाहून नेण्यासाठी इंजिनाभोवती पाणी आणि कूलंट खेळवलेले असते. हे पाणी साधारण ९० अंशांपर्यंत तापते, पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि परत येते. याच पाण्याचा एक फाटा दोन रबरी होजपाइपांतून डॅशबोर्डच्या मागे नेलेला असतो. तिथे वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोर म्हणतात. त्यावरून पंख्याने हवा फुंकली की ती गरम होऊन आत येते. म्हणजे हीटरची उष्णता फुकटची आहे, आणि हीटर हा इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचाच एक अवयव आहे. हे दुसरे वाक्य मला आधी ठाऊक असते तर बरेच टळले असते.

कारण गोष्ट त्याआधी वर्षभर सुरू झाली होती. पावसाळ्यात कधीमधी हीटर लावला की गाडी पळत असताना हवा कोमट यायची आणि सिग्नलला थांबली की गार व्हायची. मी दुर्लक्ष केले. मग डाव्या बाजूच्या पायपोसाखाली ओल दिसू लागली. छत्रीचे पाणी असेल म्हटले. गाडीत गोडसर, पाकासारखा वास येई. सौ. म्हणाली, कुणीतरी कुंद्याचा डबा सांडला असणार! समोरच्या काचेवर आतून तेलकट थर बसे आणि पुसला की पसरे. आता कळते की ही चारही लक्षणे एकाच रोगाची होती. हीटर कोर फुटला होता आणि त्यातून कूलंट गळत होते. गोड वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने सांगितले की कोर बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल, दोन दिवस जातील, आणि पार्टपेक्षा मजुरी जास्त होईल. त्यापेक्षा ते दोन होजपाइप इंजिनाजवळच एकमेकांना जोडून टाकू, गळती थांबेल. वर तो म्हणाला, "गोंयांत हीटर कित्याक जाय, सर?" मला ते पटले. माझे पैसेही वाचले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. किनाऱ्यापुरते बोलायचे तर तो बरोबरच बोलत होता. माझा रस्ता किनाऱ्यावर संपत नव्हता, एवढेच.

घाटात काच का धरते, याचे उत्तर शाळेच्या विज्ञानात आहे. हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ सामावते. गार पृष्ठभागाला टेकली की जादाची वाफ तिथे दवासारखी जमते. पावसाळ्यात गाडीतली हवा चार माणसांच्या श्वासाने आणि ओल्या कपड्यांनी आधीच तुडुंब भरलेली असते. बाहेरच्या पावसाने काच गार झालेली. मग आतून दव धरते. याच्या उलट, एसीचा झोत काचेवर मारला की काच बाहेरच्या हवेपेक्षा गार होते आणि घाटातली ढगाची ओली हवा बाहेरच्या बाजूने दव धरते. मी त्या दिवशी आधी दुसरा प्रकार ओढवून घेतला आणि घाबरून पहिला. दव कुठल्या बाजूचे हे ओळखायला वायपर मारून पाहावे: पुसले गेले तर बाहेरचे, नाही गेले तर आतले.

खरा उतारा दोन्हीचा मिळून आहे. एसी हवेतले पाणी गाळतो आणि हीटर ती कोरडी झालेली हवा तापवून काचेवर सोडतो. एसी आणि हीटर एकाच वेळी लावणे हे पुष्कळांना पंखा आणि शेगडी एकदम लावण्यासारखे वाटते, मलाही वाटायचे. पण पावसात काच स्वच्छ ठेवण्याचा तोच मार्ग आहे. आणि हवा आत फिरवण्याचे बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची. ॲम्बॅसिडर-पद्मिनीच्या जमान्यात ड्रायव्हर मंडळी काचेवर बाहेरून तंबाखू चोळत, कुणी कापलेला बटाटा फिरवत. ते वायपर कामातून गेल्यावरचे उपाय. आतल्या घामावर त्यांचा इलाज चालत नाही.

आता बिघाड शोधण्याकडे वळू. कणकुंबीच्या त्या चहानंतर मी गाडी डिचोलीतल्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेली. त्याने कुठलेही मशीन लावले नाही. इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवले, काटा मध्यावर आला हे पाहिले, हीटर पूर्ण गरमवर ठेवायला लावला, मग इंजिन बंद करून बॉनेट उघडले आणि म्हणाला, "हात लावन पळयात." इंजिनातून डॅशबोर्डकडे जाणारे दोन होजपाइप असतात. त्यांना जपून हात लावायचा (रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरू शकतो, तिकडे बोटे न्यायची नाहीत). दोन्ही पाइप चांगले गरम लागले तर गरम पाणी कोरपर्यंत पोचते आहे. दोष हवेच्या बाजूला आहे. म्हणजे लाल-निळ्या बटणाची तार सुटलेली असेल किंवा आतली हवा वळवणारी झडप अडकली असेल. एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल तर कोर गाळाने चोंदला आहे, किंवा ज्या गाड्यांत पाण्याचा छोटा वॉल असतो तो उघडत नाही. दोन्ही कोमट किंवा गार असतील तर पाणी कमी आहे, पाइपात हवा अडकली आहे, वॉटर पंप दमला आहे, नाहीतर थर्मोस्टॅट बिघडला आहे. माझ्या गाडीत तर पाइप डॅशबोर्डकडे जातच नव्हते. घोड्याच्या नालासारखे वळून परत इंजिनात! त्याने माझ्याकडे पाहिले, बोलला काही नाही.

हवाच येत नसेल तर तो वेगळा रोग. तेव्हा पाण्याकडे बघायचेच नाही. आधी फ्यूज पाहावा. पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि एक-दोन-तीनवर चालत नाही, असे असेल तर त्याचा रेझिस्टर जळला आहे. पार्ट छोटा, काम छोटे. हवा येते पण हळू येते, तर केबिनचा फिल्टर काढून बघा. पावसाळ्यात झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर पाचोळा असतो, आणि आमच्या डिचोलीत उंदराचे घरटेही निघालेले पाहिले आहे.

थर्मोस्टॅटची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या भागाचीच आहे. कॉलेजातले एक सहकारी पेडण्याचे. ते बेळगावला जाताना पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी करत आंबोली घाट धरतात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तेव्हा काच धरण्याची कहाणी त्यांचीही तीच. त्यांच्या जुन्या गाडीचा हीटर बसवलेला होता, पाइपही गरम, पण हवा कायम नुसती कोमट. इंजिनाचा काटा नेहमी खालीच. गाडी थंड चालते याचा त्यांना अभिमान होता! बॉनेट खोलल्यावर कळले की कधीकाळी कुणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन तापेपर्यंत तो बंद राहतो, साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. 'आपल्याकडे उन्हाळा, गाडी तापते, कशाला हवा तो?' असे म्हणून तो काढायची पद्धत किनाऱ्यावरच काय, बेळगाव-धारवाडकडेही पुष्कळ होती. पण दरवाजा सताड उघडा राहिला की इंजिन हवे तितके तापतच नाही. इंधन जास्त जाते, इंजिन लवकर झिजते आणि हीटर कोमट राहतो. थंड चालणारे इंजिन निरोगी, हा समज चुकीचा आहे. अंगात ताप नसावा हे खरे, पण अंग गारही पडू नये.

आणि कोर फुटतो कशाने? माझ्या गाडीतून जे पाणी निघाले ते चहाच्या रंगाचे होते. वर्षानुवर्षे मी रेडिएटरच्या बाटलीत पाणी कमी दिसले की नळाचे पाणी ओतत आलो. नळाच्या पाण्यातले क्षार बसतात, कूलंट पातळ झाले की त्यातली गंज रोखणारी द्रव्ये कमी पडतात, आणि मग गंजाचा गाळ सर्वांत बारीक नळ्यांत जाऊन बसतो. सर्वांत बारीक नळ्या हीटर कोरच्या. 'आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला' हा प्रश्न मला पूर्वी बिनतोड वाटायचा. कूलंट गोठण्यापासून वाचवते हे त्याचे एक काम. गंज रोखणे आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणे ही कामे गोव्यातही हवीच असतात. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले कूलंट घ्यावे, हिरवे-लाल एकमेकांत मिसळू नये, पाणी घालायचेच तर डिस्टिल्ड. एक सूचना विशेषतः लहान मुले आणि गुरे-कुत्री असलेल्या घरांना: कूलंट चवीला गोड असते आणि विषारी असते. अंगणात सांडले तर लगेच धुऊन टाका, आणि उरलेले पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका.

हे सगळे काचेपुरते असते तर एक वेळ काचा उघड्या ठेवून भागले असते. त्या वयस्कर मेकॅनिकने जे शेवटी सांगितले ते मात्र मला घाटातल्या त्या ट्रकपेक्षा जास्त भिववून गेले. चालत्या गाडीत हीटरची गरम हवा अचानक गार झाली, तर समजायचे की कूलंट पळाले. पाण्याची पातळी घसरली की वर असलेल्या कोरमध्ये पाणी पोचत नाही आणि हवा आधी गार होते. तापमानाचा काटा मात्र फसवू शकतो. तो पाण्याचे तापमान दाखवतो. ज्या जागी त्याचा सेन्सर असतो तिथे पाणीच उरले नाही तर इंजिन जळत असतानाही काटा खाली राहू शकतो. अलीकडच्या कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाही नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा. चढणीवर हीटर लावलेला असताना हवा गार पडली तर पुढचे गाव गाठायचा मोह धरू नये. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे. नाहीतर हेड गॅसकेट जाते, कधी हेडच वाकते, आणि मग खर्चाचा आकडा हजारांत मोजून भागत नाही. माझा हीटर तोडून मी ही धोक्याची घंटाच काढून टाकली होती, आणि वर्षभर आई-मुलांना घेऊन घाट चढत होतो.

याच्याच उलटा उपयोगही आहे. चढणीवर काटा लाल रेघेकडे सरकू लागला आणि थांबायला जागा नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण वेगात लावावा. गाडीत भट्टी होते, पण तो छोटा रेडिएटर इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो आणि सुरक्षित जागेपर्यंतची वाट मिळते. तिथे पोचल्यावर मात्र रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आत कुकरसारखाच दाब असतो, आणि १०० अंशांवर गेलेले पाणी त्या दाबामुळेच उकळत नसते. झाकण सैल केले की ते तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास तरी जाऊ द्यावा. उकळत्या इंजिनावर गार पाणी ओतणे हाही असाच दुसरा वेडेपणा. गरम काचेच्या भांड्यावर गार पाणी पडले तर काय होते ते स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेले असते.

आता विजेवरच्या गाड्या घाटात दिसू लागल्या आहेत, त्यांना हे पाण्याचे गणित बरेचसे लागू नाही. त्यांच्यात फुकटची उष्णता नसते, हीटर बॅटरीवर चालतो. काच पुसण्याचे शास्त्र तेवढे तेच. आणि गाडी कुठलीही पेट्रोल-डिझेलची असो, पावसात घाट बंद म्हणून रात्र काढायची वेळ आली तर काचा लावून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून झोपू नये. धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला तर कळतही नाही. त्याला वास नसतो.

माझ्या गाडीचा डॅशबोर्ड शेवटी खोलला. दोन दिवस म्हणाले होते, तीन लागले. जुना कोर मेकॅनिकने माझ्या हातात दिला; एका कडेला पांढरा-हिरवा थर आणि झटकला तर आतून तांबडी भुकटी. सगळी व्यवस्था धुऊन काढली, नवे कूलंट भरले. भरताना गाडी चढावर तोंड करून उभी केली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवले, कारण पाइपात हवा अडकली तर नवा कोरही गारच राहतो. थर्मोस्टॅट तपासायला त्याने तो चहाच्या पातेल्यात उकळून दाखवला. पाणी तापले तसा तो छोटा दरवाजा आपोआप उघडला, गार झाल्यावर मिटला. मुलीने तो खेळ तीनदा करायला लावला.

त्या ऑगस्टमध्ये नागपंचमीला सासूबाईंना परत आणायला गेलो. उतरताना चोर्ल्याच्या अलीकडे पुन्हा तसाच पाऊस, तसाच ढग. एसी लावला, काटा लालवर नेला, झोत काचेवर. अर्ध्या मिनिटात काच खालून वर कोरडी होत गेली. मी जरा ऐटीतच सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी पदराने कपाळ पुसले आणि म्हणाल्या, "शेके आगाकत्तैति, बंद माड्री."